दोन गुण जास्त

सकाळी नऊ चाळीसला वेरानाचा पाचवा ड्रोन हद्द ओलांडून लिथमारच्या आकाशात शिरला, आणि ओतूरच्या पठारावरच्या थवा संशोधन केंद्रात बसलेल्या डॉ. शर्वरी ढमढेरे यांना मनातून बरं वाटलं.

हे वाचून कुणी नाक मुरडेल. पण शर्वरीला युद्ध हवं होतं असं मुळीच नाही. तिला फक्त केतकी मोडक चुकलेली हवी होती. तेवीस वर्षं भिंतीपलीकडे बसलेल्या बाईची एक चूक, एकच, पण चारचौघांत झालेली, एवढंच तिचं मागणं होतं. ते दुसऱ्यांच्या युद्धाने पुरं केलं, त्याला ती काय करणार?

युद्ध वेराना आणि कोस्त्रा या दोन देशांत पाच महिने चाललं होतं. लिथमार त्यात नव्हता. तो वेरानाचा पश्चिमेकडचा शेजारी, जर्दाळूच्या बागांचा छोटा, खाऊन-पिऊन सुखी देश. वेरानाचा रसदीचा एकमेव रस्ता त्याच्या सीमेला चिकटून जात होता आणि त्यावर बेचाळीस लष्करी ड्रोनांचा एक थवा पहारा देत होता. प्रत्येकाच्या पोटात दोन किलो स्फोटकं. ड्रोनांची शरीरं वेरानाची, मेंदू मात्र ओतूरचा. गेल्या चार दिवसांत त्यातले पाच ड्रोन सीमा ओलांडून गेले होते. त्यांनी स्फोट केला नाही, छायाचित्रं पाठवली नाहीत. नुसते बागांवर घिरट्या घालत राहिले आणि बॅटरी संपली तसे खाली उतरले. लिथमारच्या लोकांना त्यात घुसखोरीची तालीम दिसत होती, आणि स्फोटकं भरलेलं यंत्र आपल्या झाडांवर घिरट्या घालताना पाहून दुसरं कुणालाही काय दिसणार?

थव्याच्या मेंदूची प्रमुख केतकी. शर्वरीकडे त्रुटीशोध विभाग, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचं काम. ते तिला मनापासून आवडायचं, पण केतकीच्या कामात चूक सापडत नसे हे तिचं दुखणं होतं.

दोघी एकाच दिवशी नोकरीला लागल्या. दोघींचं वय एकच. तरी तेवीस वर्षांनंतरही त्या एकमेकींना 'तुम्ही' म्हणत, 'मॅडम' म्हणत, आणि चहाला वेगवेगळ्या वेळी जात. याचं मूळ कर्णिक सरांच्या चिठ्ठीत होतं. केंद्र उभं करणारे कर्णिक सर गेल्या वर्षी निवृत्त झाले. तोवर दर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते प्रत्येक शास्त्रज्ञाला एकेकट्याने खोलीत बोलवत, स्वतः चहा गाळून देत आणि एक घडी केलेली चिठ्ठी पुढे सरकवत. चिठ्ठीवर दोन आकडे असत. तुमचे वर्षाचे गुण, आणि शेजारच्या खोलीतल्या माणसाचे. 'हे बाहेर बोलायचं नाही,' असं सर म्हणत, आणि कुणी बोलत नसे. शर्वरीचा आकडा कधी एक्याऐंशी असे, कधी शहाऐंशी, एका वर्षी तर नव्वद. केतकीचा नेहमी दोनाने जास्त.

वीस गुणांनी मागे असती तर शर्वरीने नाद सोडला असता. दोन गुण म्हणजे थोडं जास्त वाचलं असतं, एक रविवार जास्त काम केलं असतं, तर पुढे गेलो असतो असा हिशेब. नोकरीच्या नवव्या वर्षी लडाखच्या वेधशाळेतली जागा चालून आली होती. लहानपणापासून तिला तेच हवं होतं. पण दोन गुणांनी मागे असताना निघून जायचं म्हणजे पळून जाणं झालं असतं. ती राहिली.

आता मंत्रालय नवा संचालक निवडणार होतं, आणि यादीत दोनच नावं होती.

दहा वाजता शर्वरीला कारण सापडलं. पाचही ड्रोनांच्या शेवटच्या नोंदी तिने शेजारी शेजारी लावल्या आणि ते एखाद्या डागासारखं समोर दिसलं. त्याखाली ज्या फाइलचा क्रमांक होता, त्या फाइलवर केतकीची सही होती. शर्वरीने ती सही दोनदा पाहिली.

त्याच वेळी बैठकीच्या खोलीत केतकी पडद्यावरच्या सहसचिव इनामदारांना सांगत होती, की कोस्त्रा खोटे दिशासंकेत पाठवून ड्रोनांना भरकटवत असावं. शर्वरी काचेबाहेर उभी राहिली. आत जाऊन एक वाक्य बोललं असतं की झालं होतं. पण केतकी चुकीचं बोलत होती, ठामपणे बोलत होती, आणि इनामदार ते लिहून घेत होते. जितकं जास्त लिहून होईल तितकं बरं, असं शर्वरीला वाटलं. ती आपल्या खोलीत जाऊन बसली.

दहा सतराला सहावा ड्रोन गेला. या वेळी लिथमारने तो पाडला. तुकडे एका बागेत पडले आणि फांद्या छाटत असलेल्या एका बाईचा हात कोपरापासून तुटला. वीस मिनिटांत लिथमारचं पत्र आलं : यापुढे एकही ड्रोन आला तर तो हल्ला समजला जाईल आणि लिथमार युद्धात उतरेल.

बातमीत त्या बाईचं नाव नव्हतं. शर्वरी उठली. ती बैठकीच्या खोलीत गेली आणि बसायच्या आधीच बोलू लागली.

"दिशासंकेतांचा काही संबंध नाही. हे हेवासूत्रामुळे होतंय."

कागदोपत्री त्याचं नाव 'तुलनात्मक स्थलांतर नियम' होतं, पण केंद्रात सगळे त्याला हेवासूत्रच म्हणत.

"मला समजेल असं सांगा," इनामदार म्हणाले. "मंत्र्यांना मलाच सांगायचंय."

"थव्याला म्होरक्या नसतो, साहेब. म्होरक्या असला की शत्रू त्यालाच पाडतो. म्हणून प्रत्येक ड्रोन दर सेकंदाला आसपासच्यांना स्वतःचा एक आकडा सांगतो. सुस्थितांक. बॅटरी किती, मार किती लागलाय, संदेश किती स्वच्छ येतायत, हे सगळं धरून शंभरापैकी. शेजाऱ्याचा आकडा जास्त असला की ड्रोन धरून चालतो, त्याची जागा आपल्यापेक्षा चांगली आहे. मग तिकडे सरकतो."

"म्हणजे शेजाऱ्याचं बरं चाललेलं बघवत नाही."

"तसंच. सगळा थवा त्याच एका गोष्टीवर चालतो. आता ओढ किती? दोघांच्या आकड्यांतला फरक, भागिले अंतराचा वर्ग. लांबच्याचं फार काही वाटत नाही, जवळच्याचं फार वाटतं."

"पण सीमा? सीमा कळत नाही का त्यांना?"

"कळते. सीमा ओलांडायच्या ओढीतून चार गुण वजा होतात. शांततेत तेवढं पुरतं. पण हा थवा पाच महिने मार खातोय. त्याचा सरासरी आकडा एकतीसवर आलाय. तीन किलोमीटरवर लिथमारचे फवारणीचे ड्रोन आहेत. पोटभर बॅटरी, अंगावर ओरखडा नाही. त्यांचा आकडा चौऱ्याण्णव. फरक त्रेसष्ट, भागिले नऊ, सात. दंड वजा केला तरी तीन उरतात. ते हल्ला करायला जात नाहीत, साहेब. तिकडे सुख आहे, म्हणून जातात."

इनामदारांनी लिहिणं थांबवलं. "पण बागेतल्या ड्रोनचा आकडा आपल्या ड्रोनला ऐकू कसा येतो?"

या प्रश्नाची शर्वरी दहा वाजल्यापासून वाट पाहत होती. आता तो आला तर तिने केतकीकडे न बघता उत्तर दिलं. "त्यांचेही मेंदू आपलेच आहेत. तीन वर्षांपूर्वी विकले. नागरी आणि लष्करी ड्रोनांना वेगवेगळी तरंगपट्टी द्यायची असते. ती एकच राहिली."

"कुणाकडून?"

"माझ्याकडून," केतकी म्हणाली. "सही माझी आहे."

पराभूत केतकी कशी दिसेल याची चित्रं शर्वरीने वर्षानुवर्षं रंगवली होती. तशी ती मुळीच दिसत नव्हती. उलट सरळ बसून, चटकन कबूल करून ती मोठी ठरली होती, आणि याचाही शर्वरीला राग आला.

उपाय सुचवणं सोपं होतं, पण एकही चालत नव्हता. थव्याला परत बोलावावं, तर कोस्त्राने आज्ञावाहिन्या बुजवून टाकल्या होत्या. ड्रोन एकमेकांना जवळून देत ते संदेश तेवढे शाबूत होते. पाडावं, तर स्फोटकं सीमेवरच पडणार. लिथमारला फवारणी थांबवायला सांगितलं, तर आमच्या देशात आमच्या ड्रोनांनी काय बोलावं हे तुम्ही सांगू नका, असं उत्तर आलं. ते बरोबरच होतं.

शर्वरी समोरच्या भिंतीकडे बघत होती. त्या भिंतीपलीकडे केतकीची खोली, अलीकडे तिची.

"जवळचा शेजारी द्यायचा," ती म्हणाली.

"म्हणजे?" केतकीने विचारलं.

"तीन किलोमीटरवर कुणी त्रेसष्ट गुणांनी पुढे असू दे. अर्ध्या किलोमीटरवर कुणी जरासा पुढे असला तर थवा त्याच्याकडेच बघत बसेल. दुसरीकडे कुठे जाणार नाही. त्याला सोडून जाववणारच नाही." तिला कळलं, आपण फार खात्रीने बोलतोय. "वेरानाच्या दुरुस्तीच्या शेडमध्ये एक ड्रोन आहे ना, सतरा क्रमांकाचा? तो जमिनीवर आहे, त्याच्या मेंदूत आपल्याला हात घालता येईल. त्याला खोटा आकडा सांगायला लावू. थव्याच्या मधोमध उडवू आणि आधीच भरून दिलेल्या मार्गाने हळूहळू सीमेपासून आत नेऊ."

"खोटा आकडा ड्रोनला कळतो, मॅडम. शेजाऱ्याच्या जागी पोचून स्वतःचा आकडा तितका वाढला नाही, की तो त्या शेजाऱ्यावर पुन्हा विश्वास ठेवत नाही. नव्वद सांगितले तर दहा मिनिटांत थाप उघडी पडेल."

"मग कमी सांगू."

"किती कमी? ओढ पुरली पाहिजे, आणि थाप पचली पाहिजे."

सूत्राचा हा भाग कर्णिक सरांनी लिहिला होता. त्यांच्या टिपणात तिथे नुसती रिकामी चौकट होती. केतकीने जुन्नरला फोन लावला. सर गच्चीवर कुंड्यांना पाणी घालत होते.

"दोन," ते एका दमात म्हणाले. "पण सगळ्यांना एकच आकडा सांगू नका. ज्याला त्याला त्याच्या स्वतःच्या आकड्यापेक्षा दोन जास्त. तिसाला बत्तीस, चाळिसाला बेचाळीस. दोनाची तूट मोजमापातली चूक म्हणून खपून जाते. थाप कधीच कळत नाही, आणि ओढही कधी सुटत नाही."

"तपासलंय का, सर?" शर्वरीने विचारलं. "आज चूक झाली तर लिथमार युद्धात उतरेल."

"वर्षानुवर्षं तपासलंय. बिनचूक आहे." मग जरा थांबून, "चहा उतू जातोय," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

शर्वरीने फळ्यावर मांडलं : दोन भागिले पाव, आठ. आठ विरुद्ध तीन.

वेरानाच्या सैनिकांनी सतरा क्रमांकाला उचलून आणलं. त्याचा एक पंखा वाकलेला होता, तो एका बाजूला कलून उडत होता. दीड वाजता तो थव्यात शिरला आणि प्रत्येकाला वेगवेगळं खोटं सांगू लागला. पडद्यावर सीमेकडे झुकलेले ठिपके थबकले. मग एक वळला, त्याच्या मागे तीन वळले. पावणेतीनपर्यंत उरलेला सगळा थवा सतरा क्रमांकाभोवती फिरत होता आणि त्याच्यासोबत हळूहळू पूर्वेला सरकत होता. चारला तो सीमेपासून अकरा किलोमीटर आत होता. इनामदारांनी दोघींचं अभिनंदन केलं आणि मंत्र्यांकडे गेले.

खोलीत दोघीच उरल्या. पडद्याकडे बघत बसण्यावाचून काही काम नव्हतं.

"मोडक मॅडम, एक सांगायचंय," शर्वरी म्हणाली. "कारण मला दहालाच सापडलं होतं. मी काचेबाहेर उभी होते. तुम्ही चुकीचं बोलत होता ते मला हवं होतं, म्हणून आत आले नाही. त्या बाईचा हात माझ्यामुळे गेला."

केतकीने पडद्यावरची नजर काढली नाही.

"मला काल दुपारपासून माहीत होतं," ती म्हणाली. "तरंगपट्टीचं. फाइल उघडली आणि माझी सही दिसली. दिशासंकेतांचं मी रचून सांगत होते. म्हटलं, आधी पट्टी गुपचूप बदलता येते का बघू. तुम्हाला कळलं असतं तर संपलंच होतं."

"माझी कसली भीती तुम्हाला? तुमचे गुण नेहमीच दोनाने जास्त."

"माझे?" केतकी तिच्याकडे वळली. "चेष्टा करता का? माझे नेहमी दोनाने कमी. तेवीस वर्षं. नवव्या वर्षी मला त्र्याऐंशी होते आणि तुम्हाला पंच्याऐंशी. मला पाठ आहे. बहीण नॉर्वेला बोलवत होती, तिथे जागाही मिळत होती, गेले नाही. म्हटलं, एकदा या बाईच्या पुढे जाऊ, मग जाऊ."

"नवव्या वर्षी मला शहाऐंशी होते," शर्वरी म्हणाली. "आणि तुम्हाला अठ्ठ्याऐंशी."

दोघी शास्त्रज्ञ होत्या. उरलेलं गणित कुणी कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. दोन माणसं एकमेकांपेक्षा दोन गुणांनी मागे असू शकत नाहीत. त्यांना चांगल्या जागा चालून येत होत्या, आणि केंद्राला त्या दोघी हव्या होत्या. फळ्यावर शर्वरीच्याच अक्षरातला तो दोन अजून तसाच होता.

"आपल्यावर तपासलं त्यांनी," केतकी म्हणाली. तिच्या आवाजात रागापेक्षा आश्चर्य जास्त होतं.

"आपण एकमेकींना एकदा जरी विचारलं असतं तर."

"तू विचारलं असतंस?" केतकी म्हणाली. आपण 'तू' म्हणालो हे तिच्या लक्षात आलं नाही. "मागे असलेल्या माणसाने जाऊन विचारायचं, तुमचे किती म्हणून?"

शर्वरीने नसतंच विचारलं. लाज वाटली असती. सरांना तेही माहीत होतं.

ती पडद्याकडे बघू लागली. मधला ठिपका कलून, अडखळत चालला होता, आणि बाकीचे सगळे त्याच्याकडे तोंड करून फिरत होते.

"त्या सतराचा स्वतःचा खरा आकडा किती गं?"

केतकीने नोंद उघडली. "अकरा. थव्यात सगळ्यांत कमी."

"आणि त्याच्यातही तेच सूत्र चालू आहे?"

"असणारच. त्याला बाकीचे सगळे आपल्यापेक्षा सुखी दिसत असतील."

शर्वरीला केतकीच्या खोलीतला संध्याकाळी उशिरापर्यंत चालू असलेला दिवा आठवला, तिचं डबा एकटीने खाणं आठवलं. हे सगळं तिने रोज पाहिलं होतं आणि त्याला मेहनत म्हटलं होतं.

"आता समजा त्या ड्रोनांना कुणी सांगितलं, की तो अकरावर आहे?"

"मग त्याच्याभोवती कशाला थांबतील? जिथे जायचंय तिथे जातील."

सहा वाजले. एकही ड्रोन सीमेपलीकडे गेला नव्हता. लिथमारकडून काहीच निरोप आला नाही, म्हणजे सगळं ठीक होतं. इनामदारांनी मात्र विचारलं होतं, अहवालावर कुणाचं नाव आधी टाकायचं. "तुझं टाक," केतकी म्हणाली आणि पर्स उचलून गेली. हिच्या मनात काय असेल, असं शर्वरीच्या डोक्यात येऊन गेलंच. तेवीस वर्षांची सवय एका दिवसात जात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शर्वरीने राजीनामा लिहिला. त्यात कारण कळूनही गप्प राहिलेल्या सतरा मिनिटांबद्दल सगळं लिहिलं, त्या बाईचं नाव मिळावं अशी विनंती केली, आणि संचालकपदाच्या यादीतून आपलं नाव काढायला सांगितलं. लडाखला जागा अजून असेल की नाही तिला माहीत नव्हतं, पण जाऊन पाहायचं होतं. तिने राजीनामा पाठवला आणि पोचला का ते बघायला कार्यालयाची आवक यादी उघडली.

तिच्या राजीनाम्याच्या वरच केतकीचा राजीनामा होता. दोन मिनिटं आधी आलेला.

शर्वरी त्या ओळीकडे बघत राहिली. तेवीस वर्षांत पहिल्यांदाच तो दोनाचा फरक खरा होता, आणि तरीही तिला तो सहन होत नव्हता.